फिश टँकसाठी मीटर घेऊन राहिले? आधी हे वाचा

उन्हाळा लागला की मला हमखास एकच प्रश्न येतो. भाऊ, टँकसाठी पाणी चेक करायचा मीटर कोणता घेऊ? सोबत ऑनलाइन शॉपिंगचे दोन-तीन स्क्रीनशॉट, एक पिवळा पेनसारखा मीटर, एक पांढरा पेन आणि एक सेव्हन इन वन वाला जाडजूड डबडा ज्याच्यावर एवढे आकडे दिसतात की वाटते हा मंगळावर पाठवायचा आहे. आणि विचारणाऱ्याच्या टँकमधे असतात काय तर सहा गप्पी, दोन एंजल आणि एक सकर.

मी उलट एकच विचारतो, मासे मरून राहिले का? हो म्हटलं तर सांगतो की यातला एकही पेन घेऊ नका, निदान आत्ता तरी नका घेऊ. समोरच्याला वाटते मी मस्करी करून राहिलो. पण घरच्या टँकमधे मासोळ्या ज्या गोष्टींनी पटापट मरतात त्या म्हणजे अमोनिया, नायट्राइट आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरिन, अन् या तिन्हीपैकी एकही गोष्ट हजार-दीड हजाराचा पेन दाखवत नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार १८० आहे, पीएच म्हणजे पाणी किती आंबट का खारट-तुरट (अल्कली) तो आकडा ७.४ आहे, टेंपरेचर २७ आहे, सगळं कसं छान हिरवंगार दिसून राहिलं आणि मासा वरती येऊन तोंड उघडझाप करून राहिला, हे मी कितीदा तरी पाहिलं.

ज्या नागपुरात नीरी ही सरकारी पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून पाण्यावर काम करून राहिली त्या शहरात टँकमधले मासे मेले की आपण म्हणतो नजर लागली, किंवा दुकानदारानी आजारी माल दिला. कधीकधी दुकानदाराची चूक असतेही. पण नव्या टँकमधे बहुतेक वेळा भानगड अमोनियाची असते, कारण फिल्टरमधे बॅक्टेरिया तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि आपण टँक आणल्या दिवशीच मासे सोडून मोकळे होतो. माशांच्या गिल्समधून आणि शी मधून अमोनिया निघतो, एका प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मग पाणी बदलून काढायचं. यातले पहिले दोन आकडे शून्य पाहिजेत, शून्य म्हणजे शून्य, थोडंसं चालते असं काही नसते. नायट्रेट २० पीपीएम (म्हणजे लिटरमधे मिलिग्राम) पर्यंत एकदम मस्त, ४० पर्यंत चालवून घ्या.

आता हे मोजायचं कशानी? थेंबवाल्या किटनी. लिक्विड टेस्ट किट म्हणतात त्याला, एपीआय, सेरा, जेबीएल यांच्या मिळतात, देशीही मिळतात. काचेच्या नळीत ५ एमएल पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि कार्डावरच्या रंगाशी जुळवायचं. लोकांना हे जुन्या जमान्यातलं वाटते, डिजिटल नाही का काही, असं विचारतात. आहे ना, अमोनियाचे हातातले फोटोमीटर येतात, पण त्यातही शेवटी केमिकल टाकून रंगच काढावा लागतो, फक्त तो रंग तुमच्या डोळ्याऐवजी मशीन पाहते. आणि दर टेस्टला त्याचं केमिकल विकत घ्यायचं. घरच्या टँकला कशाला पाहिजे एवढं.

थेंबवाल्या किटमधे एक जागा आहे जिथे भलेभले गडबड करतात, ती सांगतो. एपीआयच्या किटमधे नायट्रेटच्या दोन बाटल्या असतात. पहिलीचे १० थेंब टाकायचे, मग दुसरी बाटली आधी ३० सेकंद जोरजोरात हलवायची, अगदी हात दुखेपर्यंत, कारण तिच्यातला माल खाली बसून राहतो. मग तिचे १० थेंब, मग नळी एक मिनिट हलवायची आणि मग पाच मिनिटं थांबायचं. हे हलवणं कंटाळ्यानी सोडलं की रीडिंग येते पाच आणि खरं असते चाळीस. आणि रंग जुळवताना पिवळ्या बल्बखाली नाही, खिडकीपाशी उजेडात, नळी कार्डाला टेकवून. संध्याकाळी सात वाजता ट्यूबखाली पाहिलेला हिरवा सकाळी वेगळाच दिसतो. बाटलीवर एक्स्पायरी असते तीही पाहून घ्या, दुकानात शोकेसमधे दोन-दोन वर्ष उन्हात पडलेल्या किटा मी पाहिल्या आहेत.

स्ट्रिप घ्याव्या का? कागदाच्या पट्ट्या, पाण्यात बुडवल्या की सहा रंग येतात. घाईत ठीक आहेत, पण बहुतेक पट्ट्यांमधे नेमका अमोनियाच नसतो, त्याची पट्टी वेगळी घ्यावी लागते. आणि आपल्याकडे जुलैमधे डब्बी दोनदा उघडली की पट्ट्यांना ओल लागते, मग त्या काय वाट्टेल ते दाखवतात.

क्लोरिनसाठी तर फार सोपं काम आहे. खेड्यात ग्रामपंचायतीचा माणूस क्लोरोस्कोप घेऊन ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतो ना, पाण्यात थेंब टाकले की पिवळं होते, तेच थेंब. जेवढं पिवळं तेवढं क्लोरिन. पिण्याच्या पाण्यात ०.२ पीपीएम तरी क्लोरिन शिल्लक राहावं असा आपल्याकडचा नियम आहे, म्हणजे नळाला आलेलं चांगलं पाणी हे क्लोरिनवालंच असणार, तो पाण्याचा दोष नाही, आपल्यासाठी चांगलंच आहे, माशाच्या गिल्सला मात्र ते जाळते. पावसाळ्यात तर माझ्याकडे बादलीला नाक लावलं तरी समजते. हायपो टाकून, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ते मारून टाकायचं आणि मगच पाणी टँकमधे. हायपोचे खडे एक्वेरियमच्या कोणत्याही दुकानात चिल्लर भावात मिळतात.

बरं, आता पेनांकडे येऊ, कारण मला माहीत आहे तुम्ही शेवटी घेणारच आहे.

पहिला टीडीएसचा पेन. हा घ्या, बिनधास्त घ्या, स्वस्त आहे आणि लवकर खराब होत नाही. फक्त तो काय करतो ते समजून घ्या. आरओ विकणारा पोरगा घरी येऊन तुमच्या नळाच्या पाण्यात पेन बुडवतो, ३५० दाखवतो, त्याच्या पाण्यात बुडवतो, ३० दाखवतो, आणि आई घाबरते. (कधीकधी तो दोन कांड्या पाण्यात टाकून करंट देतो आणि पाणी गढूळ तपकिरी होते, ती घाण पाण्यातली नसते बरं का, ती लोखंडाची कांडीच विरघळत असते. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे करंट जात नाही म्हणून ते स्वच्छ राहते.) पेन पाण्यातून वीज किती जाते एवढंच मोजतो, म्हणजे कंडक्टिव्हिटी, आणि तिला एका आकड्यानी गुणून टीडीएस म्हणून दाखवतो. विरघळलेलं मीठ आहे का चुना आहे का नायट्रेट आहे, त्याला काही घेणंदेणं नाही.

आणि तो गुणायचा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नाही, खरी मजा इथे आहे. कोणी ०.५ नी गुणते, कोणी ०.७ नी. म्हणजे ज्या पाण्याची कंडक्टिव्हिटी ८०० आहे ते एका पेनमधे ४०० दिसणार आणि दुसऱ्यात ५६०. पेन दोन्ही बरोबर. आपल्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपमधे दोघं जण एकमेकांशी यावरून भांडले होते, एकाच बोअरचं पाणी, एकाच बादलीतलं, आणि दोघंही म्हणे तुझा पेन डुप्लिकेट आहे. म्हणून पेन घेताना मागच्या कागदावर फॅक्टर लिहिलेला आहे का पाहा, आणि ईसी, म्हणजे तीच कंडक्टिव्हिटी मायक्रोसीमेन्समधे, दाखवायचं बटण असेल तर तोच घ्या, ईसीचा आकडा कोणाशीही पडताळता येतो. बाजारात १४१३ मायक्रोसीमेन्सचं स्टँडर्ड सोल्युशन मिळते, त्यात बुडवून पेन ०.५ वाला आहे का ०.७ वाला हे लगेच कळते, साधारण ७०० दाखवला तर पहिला आणि ९९० च्या आसपास दाखवला तर दुसरा.

मग हा पेन वापरायचा कशाला? बदल पाहायला. आणि नागपुरात तर उन्हाळ्यात तो फार कामाचा आहे. मे २०१३ मधे आपल्याकडे ४७.९ डिग्री गेलं होतं, लक्षात असेल. असल्या दिवसात टँकचं पाणी उडते, झाकण उघडं ठेवून वरतून छोटा फॅन लावला असेल तर अजून उडते. उडते ते फक्त पाणी, क्षार तिथेच राहतात. कूलरचं पहा ना, पूर्ण सीझन बोअरचं पाणी टाकलं की मेच्या शेवटी वुडवूल पांढरं फटक आणि कडक होऊन जाते, टँकमधेही तेच होऊन राहिलेलं असते फक्त काच दिसते म्हणून आपल्याला वाटते पाणी साफ आहे. हिशोब करून पाहा, १०० लिटरचा टँक, पाण्याचा टीडीएस ४००. त्यातलं २० लिटर उडालं आणि तुम्ही ४०० वालंच पाणी टाकून भरलं, झाला ४८०. परत २० उडालं, परत भरलं, ५६०. पाणी बदललंच नाही, फक्त भरत राहिले, तर दिवाळीपर्यंत कुठे जाईल पाहा. आणि मग दुकानातून नवा मासा आणून डायरेक्ट सोडला की तो दोन दिवसात जातो, जुने मात्र मस्त फिरत असतात कारण त्यांना हळूहळू सवय झालेली. इथे टीडीएस पेन तुम्हाला आधीच सांगतो की उडालेलं पाणी भरून काढायला आरओचं पाणी टाका आणि अधूनमधून पाव टँक बदला.

दुसरा पीएचचा पेन. याच्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. हा पेन म्हणजे वस्तू नाही, पाळायचा प्राणी आहे. त्याच्या टोकाला काचेचा बारीक फुगा असतो, तो कायम ओला राहिला पाहिजे, आणि तो पण साध्या पाण्यानी नाही, डिस्टिल्डनी तर अजिबातच नाही, पोटॅशियम क्लोराइडच्या स्टोरेज सोल्युशननी. टोपणात चार-पाच थेंब टाकायचे आणि पेन उभा ठेवायचा. लोक घेतात, दोनदा वापरतात, ड्रॉवरमधे टाकतात, तीन महिन्यांनी काढतात आणि म्हणतात चायना माल आहे. सांभाळला तरी त्याचं टोक एखाद-दोन वर्षच चालते.

कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या पीएचच्या सोल्युशनमधे बुडवून पेनचा आकडा जुळवणं, तर सोडूच नका. पेनसोबत पावडरच्या पुड्या येतात, एकेक पुडी २५० एमएल डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची. डिस्टिल्ड कुठून आणायचं म्हणाल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी, कोणत्याही बॅटरीच्या दुकानात कॅन मिळते, या कामाला ते चालते. आता बारीक गोष्ट ऐका. फुकटच्या पुड्या बहुतेक ४.०१ आणि ६.८६ च्या असतात. आपल्याकडचं पाणी, नळाचं असो का बोअरचं, सहसा ७ च्या वरच. म्हणजे जिथे मोजायचं तो भाग दोन पुड्यांच्या बाहेरच राहिला. आपल्याला पाहिजे ६.८६ आणि ९.१८ ची जोडी, म्हणजे आपला ७.६, ८, ८.२ मधे येतो. ९.१८ ची पुडी वेगळी मागावी लागते, मागा. आणि पुडीच्या मागे छोटा तक्ता असतो तो फेकू नका, कारण ९.१८ हे २५ डिग्रीला आहे, आपल्या मेमधल्या ३५ डिग्रीच्या खोलीत तेच सोल्युशन ९.१० असते. पेनला दोन पॉइंटचं कॅलिब्रेशन नसेल, फक्त मागे एक स्क्रू असेल, तर तो घेऊ नका, पैसे वाचवायचे असतील तर पीएचही थेंबांनीच पाहा, खूप झालं.

अजून एक, पेन आल्या आल्या लोक तो आरओच्या पाण्यात टाकून पाहतात, की ७ दाखवते का. नाही दाखवणार. आरओच्या पाण्यात क्षारच इतके कमी की पेनचा आकडा नुसता भटकत राहतो, ६.१ मग ६.५ मग ५.९. त्यात पेनचा दोष नाही. लिंबू पिळूनही पाहू नका.

०.०१ पर्यंत आकडा दाखवतो म्हणजे तेवढा अचूक आहे असंही नाही. बऱ्याच स्वस्त पेनांच्या बॉक्सवर अॅक्युरसी म्हणून प्लस मायनस ०.१ लिहिलेलं असते, म्हणजे ७.६३ मधला तो ३ शोभेचा आहे. मीटरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो हे नागपूरवाल्याला कोणी सांगायला नको खरं तर, मे २०२४ च्या शेवटी इथल्या एका ऑटोमॅटिक हवामान केंद्रानी ५६ डिग्री दाखवलं होतं, देशभर बातमी झाली, दिल्ली-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन आले जिवंत आहे का म्हणून, आणि मग हवामान खात्यानी सांगितलं की सेन्सरच बिघडलेला होता.

तरीपण पीएच पाहायचा कशाला, तर अमोनियासाठी. ही जोडी समजली की अर्ध काम झालं. किटमधे जो अमोनिया दिसतो तो दोन रूपांचा मिळून असतो, एक विषारी आणि एक बराचसा निरुपद्रवी. पीएच ७ आणि २५ डिग्रीला त्यातला अर्धा टक्काच विषारी असतो. पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. आणि पीएच ८.५, पाणी ३० डिग्री, म्हणजे बेसा-मनीषनगर साइडचं बोअर आणि एप्रिल महिना असं समजा, की झाला जवळपास वीस टक्के. किटमधे आकडा तोच, रंग तोच, पण मासा एका घरी जगतो आणि दुसऱ्या घरी मरतो. वरतून गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, २५ डिग्रीला लिटरमधे ८ मिलिग्रामच्या थोडा वर आणि ३५ ला ७ च्या आसपास. म्हणून उन्हाळ्यात खाणं अर्ध करा, एअर पंप रात्री बंद करू नका, आणि पाण्यात कांडी थर्मामीटर टाकून ठेवा, हे सगळ्या मीटरांमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा पाहिलं जाणारं.

बोअरवाल्यांसाठी अजून एक. बोअरचं पाणी काढल्या काढल्या पीएच मोजू नका. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दबून असतो, बादलीत एअर स्टोन टाकून रात्रभर ठेवलं की तो उडून जातो आणि पीएच चढतो. सकाळचा आकडा खरा. झाडांच्या टँकमधेही सकाळी पीएच कमी आणि संध्याकाळी जास्त असतो, त्यामुळे रोज एकाच टायमाला पाहा नाहीतर उगाच घाबराल.

सेव्हन इन वन डबड्याचं काय, तर ऐका. पीएच, ईसी, टीडीएस, सॅलिनिटी (खारटपणा), एसजी (पाण्याची सापेक्ष घनता), ओआरपी (पाण्याची ऑक्सिडेशनची ताकद), टेंपरेचर. यातले ईसी, टीडीएस, सॅलिनिटी आणि एसजी हे चारही एकाच सेन्सरचे, एकाच आकड्याला चार वेगवेगळे फॅक्टर लावून स्क्रीनवर टाकलेले. टेंपरेचर तर लागतेच त्याला हिशोबाला. ओआरपी तुमच्या गप्पीला काही कामाचं नाही. म्हणजे उरला पीएच, आणि त्याचं टोक वाळलं की पूर्ण डबडा कचऱ्यात, कारण बऱ्याच मॉडेलमधे टोक वेगळं मिळतच नाही. त्यापेक्षा दोन वेगळे पेन बरे.

हार्डनेस, म्हणजे जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) आणि केएच (पीएच धरून ठेवणारे कार्बोनेट), हेही पेननी नाही, थेंबांनीच. हे सगळ्यात सोपं, ५ एमएल पाण्यात थेंब मोजत टाकायचे आणि रंग पलटला की थांबायचं, केएचला निळ्याचा पिवळा, जीएचला केशरीचा हिरवा, जेवढे थेंब तेवढे डिग्री. एक डिग्री म्हणजे साधारण १८ पीपीएम. केएच चांगला असेल तर पीएच रातोरात पडत नाही, आणि म्हणूनच बोअरवाल्यांनी पीएच खाली आणायच्या बाटल्या आणू नये, टाकलं की पडते, सकाळी परत वर, मासे त्या वरखालीनीच थकतात. जीएच १८-२० येत असेल तर डिस्कस आणि निऑन या मऊ पाण्याच्या माशांचा नाद सोडा बाप्पा, गप्पी, मॉली, प्लॅटी ठेवा, मलावीचे सिक्लिड ठेवा, त्यांना असंच पाणी आवडते. डिस्कस पाहिजेच असेल तर अर्ध्याहून जास्त आरओचं पाणी मिसळायची तयारी ठेवा, आणि मग टीडीएस पेन रोजच्या रोज हातात येईल.

माझा भाचा आहे त्रिमूर्तीनगरला, त्याला मी ज्या क्रमानी घ्यायला लावलं तेच सांगतो. आधी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेटची थेंबवाली किट आणि कांडी थर्मामीटर. मग हायपो आणि क्लोरिनचे थेंब. मग ईसी दाखवणारा टीडीएस पेन. जीएच-केएच किट एकदाच घेतली तरी वर्ष निघते, दोघा मित्रांनी मिळून घ्या. पीएच पेन त्यानी अजून घेतला नाही, मामा तुम्हीच पाहून द्या म्हणतो, मी म्हटलं थेंबांनी पाह्य ना बे.

आणि ते सेकंड हँडवाले. हॉबी सोडणारे लोक टँक, फिल्टर, मीटर सगळं एकत्र काढतात, भाव चांगला मिळतो. त्यातला टीडीएस पेन डोळे झाकून घ्या, दोन टोकं मऊ कपड्यानी आणि थोड्या व्हिनेगरनी पुसली की नव्यासारखा चालतो. किटची एक्स्पायरी पाहून घ्या. पीएच पेन फुकट देत असतील तर टोपण उघडून पाहा, आतमधे कोरडं असेल आणि टोकावर पांढरे खडे जमले असतील तर एक रात्र स्टोरेज सोल्युशनमधे बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी ६.८६ आणि ९.१८ मधे टाका, दोन्हीकडे मिनिटाभरात आकडा येऊन थांबला तर ठेवा. नुसता भटकत राहिला तर त्याची बॅटरी काढून टीडीएस पेनसाठी ठेवा, बऱ्याच पेनांना त्याच बटण बॅटऱ्या लागतात.